लातूरच्या काळ्या मातीत जास्वंद पिवळी पडली, अनंत गेला. माती बदलू की झाडं?

चिपळूणची_लातूरकर (११ मे, रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसतंच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर चिपळूणजवळचं, सासर औसा तालुक्यातलं. आधी पुण्यात होतो, दोन वर्षांपूर्वी मिस्टरांची बदली लातूरला झाली आणि आम्ही शहराच्या कडेला नवीन रो हाऊस घेतलं. पुढं साधारण २० बाय १२ फुटांचा तुकडा मोकळा आहे, मागं धुण्याच्या जागेशेजारी अजून थोडा. माहेरी आम्ही बाग अशी कधी "केली"च नाही, खड्डा मारायचा, फांदी खोचायची, बाकीचं पाऊस बघतो. त्याच हिशोबानं गेल्या जूनमध्ये इथं दोन जास्वंदी, एक अनंत, मोगरा, कढीपत्ता, कलमी लिंबू आणि आईनं एसटीनं पाठवलेले सोनटक्क्याचे कंद लावले.

आजची परिस्थिती अशी की अनंत गेला. जास्वंदीची नवीन येणारी पानं पिवळीधमक, फक्त शिरा हिरव्या. कढीपत्ता तसाच. लिंबू जिवंत आहे पण वर्षात वीतभर वाढलं नाही. सोनटक्का दिवाळीपर्यंत बरा होता मग पानं कडेकडेनं जळत गेली. मोगरा मात्र एकदम मजेत, भरभरून फुलतोय, त्यामुळे मला अजूनच कळेना की चुकतंय काय.

माती म्हणाल तर आत्ता एवढ्या भेगा आहेत की मुलाची गोटी आत गेली ती गेलीच, आणि पावसाळ्यात त्याच जागेत चप्पल रुतून बसते. खणताना मध्येच पिवळसर मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे पण निघतात. नर्सरीवाल्याकडे गेलं की दर वेळी वेगळी पावडर हातात ठेवतो. युरिया झाला, १९-१९-१९ झालं, आता दोन किलो जिप्सम. सासूबाई म्हणतात, "आपली माती सोन्यासारखी हाय, तुझ्या झाडातच खोट हाय." पाणी बोअरचं आहे, बादलीला पांढरा थर बसतो.

एक ट्रॅक्टरवाला उदगीरकडची लाल माती ट्रॉलीनं टाकून देतो म्हणतोय. मिस्टर म्हणतात वरची दोन फूट माती काढून लाल भरून टाकू, कटकट मिटेल. भरू का?

---

गोदाकाठचा_परभणीकर (१२ मे, सकाळी)

ताई आधी त्या ट्रॅक्टरवाल्याला थांबा म्हणा. पैसे कामून घालवायलाव. आमच्या भाच्यानं हेच केलं परभणीत, दोन ट्रॉल्या लाल माती वरनं टाकली, पहिल्या वर्षी गुलाब असे आले की शेजारी बघाय यायलते. तिसऱ्या वर्षी पुन्हा पिवळे. कारण खाली काळं रान तेच, बोअरचं पाणी तेच, ते पाणीच लाल मातीला आपल्यासारखं करून टाकतंय हळूहळू. आणि वर भुसभुशीत लाल, खाली चिकण काळी, पावसाळ्यात पाणी त्या दोन्हीच्या मधी तुंबतंय, मुळ्या कुजतेत.

सासूबाई बरोबर सांगायल्यात. माती खोटी नाही. पण ती तुमच्या झाडाची नाही.

---

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई (१२ मे, दुपारी)

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही मातीचं वर्णन केलंय, नाहीतर लोक नुसता पानाचा फोटो टाकतात आणि "कोणतं औषध?" विचारतात. मी ३१ वर्षं शाळेत शेती विषय शिकवला, तेव्हा जरा मास्तरकी करतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

गंमत अशी आहे की तुमच्या चिपळूणचा आणि आमच्या लातूरचा खडक मुळात एकच. दोन्हीकडं दख्खनचा काळा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासच्या लाव्ह्याचा. फरक केला पावसानं. तुमच्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यानं खडकातला चुना, मॅग्नेशियम, पालाश सगळं धुऊन समुद्रात नेलं आणि मागं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम राहिलं, म्हणून ती माती तांबडी आणि आंबट. मराठवाड्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. एवढ्या पावसात चुना धुऊन जात नाही, खाली थोडा सरकतो आणि तिथंच खडे होऊन बसतो. शेतात नांगरताना पांढरे बारीक खडे निघतात ते तेच, चुनखडी. म्हणून आपली माती अल्क, म्हणजे आंबटाच्या उलट, सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ.

आता तुमच्या भेगा. या मातीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, आणि ती चिकणमाती स्मेक्टाइट जातीची. तिच्या कणांना पापुद्रे असतात, पाणी मिळालं की फुगतात, सुकलं की आकसतात. म्हणून पावसाळ्यात चप्पल ओढते आणि मे महिन्यात गोटी गिळते. घर बांधणारे लोक याच फुगण्याला घाबरतात. पायाखालची काळी माती काढून टाकतात आणि मुरूम भरून कुटतात. तुम्हाला मध्येच मुरूम आणि विटा लागतायत त्याचं कारण हे असणार. माझा अंदाज, तुमच्या २० बाय १२ मध्ये एक माती नाहीच, तीन-चार आहेत. पायाजवळ मुरूम आणि राडारोडा, कुंपणाकडं मूळची काळी, मध्ये खिचडी. मोगरा कुठं लावलाय आणि जास्वंद कुठं ते सांगा बरं.

लाल माती आणण्याआधी एवढं करा. कुंपणाजवळ एक, भिंतीजवळ एक, असे दोन खड्डे घ्या, फूट-दीड फूट खोल. कडेला उभा काप घ्या आणि थर बघा, रंग कुठं बदलतो ते बघा. दोन्हीकडची मूठभर माती ओली करून मळा, अंगठ्यानं दाबत पट्टी काढा. पट्टी दोन इंचाहून लांब निघाली आणि तुटली नाही तर भारी माती, मुरमाची पट्टी होणारच नाही. मग वाळलेल्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे, जितकं जोरात फसफसेल तितका जास्त. मग खड्ड्यात पाणी भरा, एकदा जिरू द्या, लगेच परत भरा आणि किती वेळात उतरतं ते बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पण पाणी उभं असेल तर तिथं झाड लावू नका, सोनटक्का पण नको.

आणि हो, भेगा आत्ता बुजवू नका, मृगाचा पाऊस पडायच्या आधी त्यांच्यात चाळलेलं कुजलं शेणखत सोडा. ही माती स्वतःच स्वतःला उलथते, फुकटात खोलवर खत जातं.

---

हौशी_माळी_७७ (१२ मे, संध्याकाळी)

एवढं कशाला, सोप्पं आहे. अर्धी ट्रॉली रेती मिसळा माती मोकळी होईल, आणि गंधक टाका दोन-तीन मुठी झाडाला, सामू खाली येतो, यूट्यूबवर आहे सगळं. मी पुण्यात तसंच केलं.

---

लॅबवाली_ताई (१२ मे, रात्री)

दादा तुमच्या पुण्यातल्या बागेला चाललं असेल पण इथं हे दोन्ही करू नका असं मी हात जोडून सांगते, मी माती तपासणीतच काम करते, रोज बघते.

रेतीचं आधी. भारी चिकण मातीत थोडी रेती घातली की चिकणमाती रेतीच्या कणांमधल्या फटी भरून टाकते आणि वाळल्यावर सिमेंटसारखं कडक होतं. खरंच फरक पडायला जवळपास मातीएवढीच रेती लागते, म्हणजे तुम्ही बाग नाही वाळूघाट करणार. माती मोकळी करायचं काम शेणखत, पालापाचोळा आणि मुळं करतात, रेती नाही.

गंधकाचा तर हिशोबच मांडते. एक चौरस मीटर जागा, २० सेंटीमीटर खोल, त्यातल्या मातीचं वजन साधारण २५० किलो. समजा चुना १० टक्के आहे, आपल्याकडं ही नवलाची गोष्ट नाही, म्हणजे २५ किलो चुना. एक किलो चुना विरघळवायला ३२० ग्रॅम गंधक लागतं, म्हणजे एका चौरस मीटरला ८ किलो. दोन-तीन मुठींनी काय होणार? चुना शिल्लक आहे तोवर सामू हलत नाही, गंधकातनं झालेलं आम्ल तो खाऊन टाकतो. आणि जिप्सम तर मूळचाच चुन्याचा भाऊ, कॅल्शियम सल्फेट. चोपण जमिनीत, जिथं सोडियम वाढलेलं असतं तिथं जिप्सम लागतं. ताई तुमच्या जमिनीत ते आहे की नाही हे तपासल्याशिवाय कुणी जिप्सम विकलं असेल तर त्यानं फक्त धंदा केला. नुकसान नाही झालेलं, पैसे गेले एवढंच.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या हे मात्र पुस्तकातलं चित्र आहे, लोहाची कमतरता. जुनी खालची पानं आधी पिवळी पडली असती तर मी नत्र म्हणाले असते. लोह मातीत नसतं असं नाही, बसाल्टात भरपूर असतं, पण सामू ८ च्या वर आणि चुना भरपूर असला की ते झाडाला उचलता येत नाही. ताटात जेवण आणि तोंडाला कुलूप. त्यात बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट अजून भर घालतात. आणि मातीत पाणी तुंबलं तरी हेच होतं, म्हणून मास्तरांचा खड्डा आधी.

एकदा तपासून घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात होतं, कृषी विज्ञान केंद्रात होतं. पाच-सहा ठिकाणांहून व्ही आकाराचा खड्डा घेऊन, ८-९ इंच खोलीपर्यंतची कडेची माती कापून घ्या, सगळी एकत्र करा, सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत करत अर्धा किलो ठेवा. भिंतीजवळची आणि कुंपणाजवळची वेगवेगळी द्या, एकत्र केली तर आकडा येईल पण तो कुठल्याच जागेचा नसेल. आणि खताच्या रिकाम्या पिशवीत आणू नका हो, आमच्याकडं दर आठवड्याला एक तरी नमुना युरियाच्या पिशवीतनं येतो.

सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातला कार्बन), मुक्त चुना, लोह आणि जस्त एवढं मागा. सरकारी मृद आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात पण मुक्त चुना त्यात नसतो, तो वेगळा सांगावा लागतो आणि तुमच्या केसमध्ये तोच मुद्द्याचा आहे.

---

हौशी_माळी_७७ (१२ मे, रात्री)

बरं बाई, शिकलो. यूट्यूबवाल्याचं सामू मोजायचं मीटर आता मी माझ्याच बागेत लावून बघतो.

---

देगलूरवाला (१३ मे)

एक सांगू का, मराठवाडा म्हणलं की सगळ्यांना काळं रान आठवतं. आमच्या देगलूर बिलोलीकडं या, ग्रॅनाइटचे धोंडे, त्यातनं झालेली तांबूस वाळवट माती, पाणी धरतच नाही. बालाघाटच्या डोंगरावर मुरमाड बरड, तिथं सीताफळ आपोआप येतं, बीडच्या सीताफळाला जीआय मिळालंय ते उगीच नाही. गोदावरीच्या काठाला गाळाची पोयटा माती, तिथं काहीही लावा. उदगीर, बिदरच्या बाजूला जांभ्याचे लाल पट्टे. एकाच तालुक्यात माळावर एक अन् वढ्याकाठी एक. त्यामुळं ताई "मराठवाड्यात काय लावू" असं विचारू नका, तुमच्या भिंतीपासून चार फुटावर काय आहे ते विचारा. बाकी मास्तरांनी सांगितलंच.

---

औसेकर_वहिनी (१३ मे)

आमच्या आत्याचा जुना माळवदाचा वाडा पाडला तेव्हा ती पांढरी माती आम्ही पोत्यानं आणून परसात टाकली होती. आमचे आजे पण पांढरीची माती शेतात टाकायचे, कस येतो म्हणायचे. भाजी चांगली आली. तुम्ही पण बघा कुठं वाडा पाडायलेत का.

---

लॅबवाली_ताई (१३ मे)

वहिनी, आजोबांचं बरोबर होतं, जुन्या भिंतींच्या मातीत सोरा धरतो, म्हणजे नायट्रेट, ज्वारीला ते खतच. पण त्यात क्षार आणि चुनाही असतो. ज्वारी, मेथी, पालक सोसतात. पिवळ्या जास्वंदीला ती घालू नका, अजून पिवळी होईल.

---

चिपळूणची_लातूरकर (१९ मे)

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून सांगितलं.

खड्डे घेतले. मास्तर सर, तुमचा अंदाज अगदी तंतोतंत. भिंतीपासून पाच फुटांपर्यंत वरचा एक फूट नुसता मुरूम, प्लास्टरचे तुकडे, एक अख्खी वीट आणि कुणाचा तरी तुटका कप, आणि त्याखाली काळी माती. कुंपणाकडे वरपासूनच काळी, दीड फूट गेलो तरी काळीच, खाली पांढरे खडे दिसायला लागले. मोगरा कुंपणाजवळ आहे. जास्वंद, अनंत, कढीपत्ता सगळं भिंतीजवळ, कारण मला वाटलं तिथं सावली आहे. म्हणजे मी नाजूक झाडं नेमकी चुन्याच्या गिलाव्यात लावली.

व्हिनेगर घरात नव्हतं, कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून वाटीभर आणलं, तो विचारायला लागला ताई काय बनवायलात, म्हटलं माती. भिंतीजवळची माती तर सोड्यासारखी उसळली, कुंपणाजवळची पण फसफसली पण कमी.

पाण्याची टेस्ट केली तर भिंतीजवळ मुरमातलं पाणी झटकन उतरलं आणि मग काळ्या थरावर येऊन थांबलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. अनंताचा खड्डा मी दीड फूट खोल खणून त्यात नुसतं गांडूळ खत आणि कोकोपीट भरलं होतं, अगदी प्रेमानं.

---

निवृत्त_मास्तर_अंबाजोगाई (१९ मे)

म्हणजे तुम्ही अनंतासाठी बादली पुरली, ताई. चिकण मातीत खड्डा करून त्यात मऊ खत भरलं की आजूबाजूचं सगळं पाणी त्यात येतं आणि जायला वाट नसते. पावसाळ्यात मुळं पाण्यात, उन्हाळ्यात तोच कोकोपीटचा गोळा सुकून आक्रसतो आणि काळ्या मातीपासून सुटतो. रोपं पुण्याकडून लाल मातीच्या गड्डीत येतात तिथंही हेच. गड्डी वेगळी, रान वेगळं, पाणी एकातून दुसऱ्यात जात नाही. लावताना गड्डीच्या कडा हातानं मोकळ्या करायच्या आणि खड्ड्यात निघालेलीच माती परत भरायची, फार तर तिसरा हिस्सा शेणखत.

पुढचं झाड खड्ड्यात नाही, उंचवट्यावर लावा. फूटभर उंच गादीवाफा करा, जागच्याच काळ्या मातीत शेणखत मिसळून. भिंतीजवळचा राडारोडा मात्र जमेल तेवढा वेचून काढा, प्लास्टरचे तुकडे तर नक्की.

वाफसा बघून काम करायचं हे विसरू नका, ओल्या काळ्या मातीत फावडं घातलं की वर्षभराची ढेकळं तयार होतात. मुठीत गोळा करा, कमरेच्या उंचीवरून टाका, फुटला तर वाफसा, थापटला तर घरात जाऊन चहा प्या.

---

बाल्कनीवाली_संभाजीनगर (२० मे)

मी सगळं कुंडीत करते म्हणून माझं थोडं. कुंडीत नुसती काळी माती कधीच भरू नका, वाळली की ती कुंडीच्या कडेपासून सुटते आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली, आपल्याला वाटतं पाणी दिलं आणि झाड आत कोरडं. मी काळी माती चौथा हिस्सा घेते, बाकी शेणखत, कोकोपीट आणि भाताचं तूस. अनंत तुम्हाला हवाच असेल तर असाच कुंडीत लावा आणि पावसाचं पाणी साठवून तेच द्या. मी दोनशे लिटरचा ड्रम पन्हळीखाली ठेवलाय.

आणि ताई आरओचं वाया जाणारं पाणी झाडाला घालू नका, त्यात बोअरचेच क्षार अजून दाट झालेले असतात. वॉशिंग मशीनचं पण नको, साबणातलं सोडियम काळ्या मातीत गेलं की ती चोपण होते, मग पाणी वर तसंच उभं राहतं. माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी अंगणाचं असं वाटोळं करून घेतलंय. (त्यांना सांगितलं तर म्हणाल्या पाणी वाचवायलाव, २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं विसरलीस का. यावर काय बोलणार.)

---

चिपळूणची_लातूरकर (१७ जून)

रिपोर्ट आला. भिंतीजवळ: सामू ८.५, मुक्त चुना १९ टक्के, लोह १.९, जस्त ०.४. कुंपणाजवळ: सामू ८.१, चुना ९ टक्के, लोह ३.८, जस्त ०.५. सेंद्रिय कर्ब दोन्हीकडे कमी, ०.३८ आणि ०.४६. क्षारता ठीक आहे म्हणाले. पालाश भरपूर. बोअरचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शेजारच्यांच्या मीटरनं मोजलं, ११५० आलं. लॅबवाली ताई, याचा अर्थ समजवा ना प्लीज.

---

लॅबवाली_ताई (१७ जून)

अर्थ असा की कुंपणाकडची माती आपल्याकडच्या मानानं बरी आहे आणि भिंतीकडची बिल्डरनं तयार केलीय. लोहाची मर्यादा ४.५ धरतात, जस्ताची ०.६, दोन्ही जागी दोन्ही कमी, पण भिंतीजवळ लोह अर्ध्याच्याही खाली. तिथं नाजूक झाडाचा हट्ट करू नका. तिथं बोगनवेल, कोरफड, सीताफळ असली सोशीक मंडळी बसवा, पण खाली पाणी थांबतंय म्हणून मास्तरांच्या उंचवट्यावर, मुरूम त्यांना आवडतो.

जास्वंद काढून कुंपणाकडं न्या, पाऊस लागलाय तर आत्ताच, पण मास्तरांसारखा मातीचा गोळा टाकून, वाफसा बघून. तात्पुरतं हिरवं करायला फवारणी करा: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं. पाणी पावसाचं घ्या, बोअरचं नको. द्रावण फिकट हिरवं दिसायला पाहिजे, तांबूस झालं तर ते गेलं, ओतून द्या. संध्याकाळी, नव्या पानांवर, आठ-दहा दिवसांनी परत, अशा तीन वेळा. फरशीवर पडू देऊ नका, डाग जात नाही, मी माझ्या ओट्याचा डाग सहा वर्षं बघतेय.

मातीत द्यायचं असेल तर नुसतं हिराकस टाकू नका, चुना त्याला दोन दिवसांत बांधून टाकतो. शेणखतात मिसळून ओलसर ठेवून पंधरा दिवस मुरवा आणि मग द्या. नाहीतर चिलेटेड लोह (चुन्यानं बांधून टाकू नये म्हणून वेष्टनात धरलेलं) घ्या पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा. ईडीटीए असेल तर आपल्या सामूला ते टिकत नाही, दुकानदार "दोन्ही एकच" म्हणेल, एकच नाही.

लिंबाचं असं, नर्सरीत विचारा खुंट कोणता, म्हणजे कलम कुठल्या मुळाच्या झाडावर बांधलंय. जंबेरीवर असेल तर चुनखडीत रडतच राहणार, रंगपूर खुंटावरचं जास्त सोसतं. कढीपत्त्याला फवारणी पुरेल.

---

गोदाकाठचा_परभणीकर (१८ जून)

आणि ताई कर्ब ०.३८ आहे ना, ते पण दुखण्याचं एक मूळ. तुमच्या लातूरला सोयाबीनचं मोक्कार भुसकट निघतंय, गुळी म्हणतो आम्ही, मळणीनंतर लोक पेटवून देतेत. पोतंभर मागा, कुणी पण फुकट देतंय. झाडाच्या बुडाला चार बोटं थर द्या, खोडाला चिटकवू नका, उधई लागती. भेगा पण कमी पडतेत, पाणी पण कमी लागतंय. दर वर्षी टाकायचं, एकदा टाकून भागत नाही, आपलं ऊन खाऊन टाकतंय सगळं.

---

चिपळूणची_लातूरकर (२३ ऑक्टोबर)

उशिरा लिहितेय, सॉरी. जास्वंदी कुंपणाकडे हलवल्या, एक हलवताना गेली (घाई केली, माती ओली होती, मास्तरांनी सांगूनही). दुसरी तीन फवारण्यांनंतर हिरवी झाली, गेल्या आठवड्यात सलग पाच फुलं. नवीन पानात अजून थोडी पिवळी छटा येते पण पहिल्यासारखं नाही. भिंतीजवळ सीताफळ आणि बोगनवेल लावली, सीताफळ माझ्या खांद्याला येईल असं वाटतंय एवढ्या वेगानं वाढतंय. अनंत कुंडीत, ड्रमच्या पाण्यावर. सोनटक्क्याचा नाद सोडला, कंद आईकडे परत पाठवले, ती हसली.

लिंबाच्या खुंटाचं विचारलं तर नर्सरीवाला म्हणाला, "खुंट म्हणजे?"

गुळी आमच्या सासऱ्यांनीच गावाकडून दोन पोती आणून दिली. सासूबाई स्वतः पसरवत होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या की माती तर मुळात चांगलीच होती, बिल्डरनं घाण केली. मी काही बोलले नाही.

गुळीवर आता बारीक पांढरी बुरशी दिसतेय, जाळीसारखी. काढायची का?

---

गोदाकाठचा_परभणीकर (२३ ऑक्टोबर)

नका काढू. कुजायलंय ते. अजून एक पोतं टाका वरनं.